मी माफीचा दात, पावती नव्हे

मी एक जुना दात आहे. हसू नका मित्रांनो, आणि घाबरूही नका; मी आता कुणाला चावत नाही. कधीकाळी मी देवमाशाच्या जबड्यात होतो. मग फिजीतल्या एका कारागिराने मला घासून गुळगुळीत केलं, खोबरेल चोळलं आणि टोकांना भोकं पाडून काथ्याची वेणी ओवली. आमच्या बेटांवर मला ताम्बुआ म्हणतात. लग्न जुळवायला, पाहुण्याचा मान राखायला आणि माफी मागायला मला दोन्ही हातांवर घेऊन येतात. मी घरात आलो की बडबडी माणसंसुद्धा गप्प बसायची. फार सुखाचे दिवस होते ते.

मग लाकूड कापण्याच्या गिरणीत अपेनिसाचा जीव गेला. ओंडके बांधायची साखळी झिजली होती. ती बदला, असं तो सांगून सांगून थकला होता. शेवटी तीच तुटली आणि ओंडके त्याच्यावर आले. मागे राहिली बायको वासिती, तिची लहान मुलं आणि अपेनिसाचे म्हातारे वडील, नेमानीबाबा.

गिरणीचा व्यवस्थापक इसोआ मला घेऊन त्यांच्या घरी गेला. चटईवर मान खाली घालून बसला. त्याने मला दोन्ही हातांवर पुढे धरलं. त्याची माफी खरी होती हो! नेमानीबाबांनी मला हातात घेतलं आणि रिवाजाप्रमाणे म्हणाले, "जे झालं ते आज इथे पुरलं." आमच्याकडे या रिवाजाचं नावच 'पुरणं' असं आहे. मग सगळ्यांनी कावा, म्हणजे आमच्याकडचा मुळांचा काढा, प्यायला आणि पोटभर रडून घेतलं.

घोळ झाला तो इथेच. पुढे वासितीने भरपाईचा दावा लावला, तेव्हा गिरणीच्या वकिलाने तोच शब्द पकडला. म्हातारा स्वतःच म्हणाला ना, पुरलं म्हणून? मग आता भरपाई कसली? पुरावा म्हणून त्याने मलाच मागवलं. माझ्या काथ्याला नंबराची चिठ्ठी बांधली. आयुष्यभर माफी वाहिली मी, आणि या शहाण्याने माझी पावती करून टाकली! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

न्यायाधीशांनी नेमानीबाबांनाच विचारलं, की तुम्ही नेमकं काय पुरलंत?

"राग पुरला, साहेब," ते म्हणाले. "मुलगा तर आधीच पुरला होता. पण नातवंडांची भूक कुठं पुरायची?"

निकाल वासितीच्या बाजूने लागला. पण वकील कसला ऐकतोय! त्याने वरच्या न्यायालयात अपील ठोकलं. मी कोर्टाच्या कपाटात पडलो. तेलाचा थेंब नाही, झुरळांनी काथ्या कुरतडला, अंगाला चीर गेली. तिकडे नेमानीबाबांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचाच गेली.

अपिलाच्या दिवशी मला बाहेर काढलं, तेव्हा वासिती बाकावर बसली होती. नणंद तिला हसवायला बघत होती. "त्या वकिलाचा पांढऱ्या केसांचा टोप बघ गं, डोक्यावर खोबरं किसल्यासारखा." वासिती काही हसली नाही.

"सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं तर?" ती म्हणाली. "बाबा आता कसे बोलणार? मी पोरांना घेऊन कुठं जाऊ?"

न्यायाधीशबाईंनी वकिलाला विचारलं, तुमचा कायद्याचा प्रश्न कोणता? वकील म्हणाला, म्हातारा 'पुरलं' म्हणाला, त्याचा अर्थ काय, हाच.

"तो प्रश्न कायद्याचा नाही," बाई म्हणाल्या. "तो त्या चटईवर काय झालं याचा आहे. खालच्या न्यायालयाने बाबांना विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि ते खरं ठरलं. माणूस गेलेल्या घराला तेच तेच पुन्हा सांगायला लावायचं नाही, म्हणूनच अपील फक्त कायद्याच्या प्रश्नावर करता येतं, असं कुंपण कायद्याने घातलंय. हे अपील फेटाळलं."

वासितीचा जीव भांड्यात पडला. मला जीवही नाही आणि भांडंही नाही, तरी माझाही पडला!

दाराबाहेर इसोआ उभा होता. "मी तेव्हा खरंच माफी मागायला आलो होतो, वासिती," एवढंच तो म्हणाला. तिने होकारार्थी मान हलवली.

कोर्टाने मला वासितीकडे सोपवलं आणि घरी नेमानीबाबांनी चालणाऱ्या एका हाताने मला खोबरेल चोळलं. चीर काही बुजली नाही, पण अंग पुन्हा चमकलं. वासितीने नंबराची चिठ्ठी कापून चुलीत टाकली.

मित्रांनो, चूक झाली तर माफी मागायला जरूर जा. मला दोन्ही हातांनी न्या, मधूनमधून तेलही लावा. पण माझ्या आड लपून कुणाचं देणं बुडवू नका. आणि झिजलेली साखळी वेळेवर बदला, म्हणजे मला असल्या कामाला यावंच लागणार नाही.

त्या दिवशी चुलीवर कसावा, आमचा रोजचा कंद, शिजला. वासितीने आधी मुलांना वाढलं, मग बाबांना भरवलं, मग स्वतःचं ताट घेतलं. आणि तो सगळ्यांना पुरला.