रिकामा जिना

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. पाठीवर चरे, कडेला चिकटपट्टी, आणि चार्जिंगची वायर जरा तिरकी धरली तरच माझ्या पोटात दोन घास जातात. माझ्यात तीनशे बारा भुतं आहेत. हसू नका, मोजलेली आहेत. पण तुम्हाला जी भीतीची गोष्ट सांगायची आहे, ती त्या भुतांची नाही. ती शाळेच्या एका पांढऱ्या व्हॅनची आहे आणि त्या व्हॅनमध्ये रोज चढणाऱ्या अकरा पोरांची. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या माणसांनी माझी काच बसवली. शेवटच्या टेबलावर एका तपासनीस बाईने मला आधी पूर्ण पांढरा, मग पूर्ण काळा करून पाहिलं आणि पास केलं. पडद्यावरचा एकही ठिपका मेलेला नव्हता. पुढे माझ्यावर जो आळ आला तेव्हा मनातल्या मनात मी हेच घोकत बसलो होतो.

दुकानातून मला घेतलं ते त्या व्हॅनच्या चालकबाईने. पोरं तिला व्हॅनमावशी म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. तिचा नवरा दूर कामाला, वर्षातून दोनदा घरी यायचा. घरात ती आणि तिच्या सासूबाई. सासूबाईंचा जन्म छापखान्यात गेलेला. मोठमोठ्या चित्रांचे छापील नमुने मूळ चित्राशी ताडून पाहायचं त्यांचं काम. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढल्यापासून तर त्यांना समोरच्या भिंतीवरची मुंगीसुद्धा दिसायची. सासू-सुनांचं पटत नाही म्हणतात. या दोघींचं पटत होतं, आणि तेही भुतांवरून. भयकथांच्या कॉमिक्सचं दोघींना वेड होतं.

ऑनलाइन दुकानाचा सेल लागला की माझी चंगळ असायची. शाळा सुटायच्या आधी पाऊण तास व्हॅन शाळेच्या भिंतीलगत उभी असे. मावशी मला स्टिअरिंगला टेकवायची आणि कामाला लागायची. सेलमध्ये भुतांचा बाजारच भरतो, मित्रांनो. हजारो मुखपृष्ठं, आणि त्यातला बहुतेक सगळा भुसा. मावशीचे नियम ठरलेले होते. मुखपृष्ठावर कवटी असली, की पुढे. पहिला भाग फुकट देऊन पुढच्या नऊ भागांना खिसा कापणारं पुस्तक असलं, की पुढे. दुकानाने लोकप्रिय म्हणून वर ढकललेलं तर बघायचंच नाही. थेट यादीच्या चाळिसाव्या पानावर जायचं, जिथे कुणी फिरकत नाही. तिथेच तिला चांगली पुस्तकं मिळायची.

सगळ्यात मोठा नियम शेवटचा. पुस्तकाची पहिली सहा-सात पानं नमुना म्हणून फुकट वाचता येतात. ती उघडायची आणि चित्राच्या बरोबर मध्ये नजर ठेवायची. कोपरे धुंडाळायचे नाहीत. चांगला चित्रकार भुताला गोष्टीत आणायच्या आधीच कुठेतरी बाजूला उभं करून ठेवतो. दाराच्या फटीत, नाहीतर कपाटाच्या कडेला. आपण मध्ये बघत असतो आणि कडेला कुणीतरी असल्याचं जाणवतं. अंगावर काटा आला, की पुस्तक घ्यायचं.

"शोधून सापडलं तर ते भूत कसलं?" मावशी म्हणायची. "त्याने आपल्याला हटकलं पाहिजे."

चार वर्षं हा नियम कधी चुकला नाही. संध्याकाळी सासूबाई मला मांडीवर घेऊन वाचायच्या आणि मधेच "अगं बाई" म्हणून पाय वर घ्यायच्या. इतर व्हॅनवालेसुद्धा सेल लागला की विचारायचे, या वेळी काय घ्यावं? मावशीची निवड म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. माझी कॉलर मी किती ताठ केली असती सांगू, पण मला कॉलर नाही.

मग पारडं फिरलं. कधी फिरलं, ते मला कळलं नाही आणि त्याचंच मला दुःख आहे.

आधी मावशीने माझा उजेड वाढवला. मग आणखी वाढवला. मग मला चेहऱ्याच्या इतकं जवळ धरायला लागली, की तिच्या श्वासाने माझी काच धुरकट व्हायची. सेलमधली पुस्तकं एकामागून एक नापास व्हायला लागली. दुकानाने वर्षभरापूर्वी एक सोय केली होती. नको म्हटलेली पुस्तकं पुन्हा समोर येऊ नयेत म्हणून त्यांची वेगळी यादी राहायची, तारखेसकट. त्या यादीचं शेपूट वाढतच चाललं. मला वाटलं, बाई चोखंदळ झाली. तीनशे भुतं पचवल्यावर चौथ्या शतकात जिभेची चव जाणारच.

मावशीने मात्र खापर माझ्यावर फोडलं. "टॅब म्हातारा झाला, आई. रंगच उडालेत त्याचे. कडा तर काळवंडल्यासारख्या वाटतात." नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना? इथे अंगण मी होतो. तिने मला दुरुस्तीच्या दुकानात नेलं. तिथल्या माणसाने मला उघडलं, पुसलं, पांढरा केला, काळा केला.

"याला काही झालेलं नाही, ताई," तो म्हणाला.

"नीट बघितलंत ना?"

"नीटच बघितलं. काच अगदी ठणठणीत आहे."

मी खूश झालो, मित्रांनो. स्वतःची अब्रू वाचली या आनंदात, मग बिघाड कुठे आहे, हा प्रश्न मला पडलाच नाही. त्या मूर्खपणाची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर चार दिवसांनी व्हॅनचा डावा आरसा घराच्या फाटकावर आपटून तुटला. मावशी म्हणाली, फाटक वाऱ्याने पुढे आलं. मग एक सायकलवाला डाव्या बाजूने ओरडत निघून गेला. मावशी म्हणाली, हल्ली लोक कुठूनही उगवतात. ती खोटं बोलत नव्हती. तिच्यासाठी ती माणसं खरोखरच कुठूनही उगवत होती.

आणि मग तो सोमवार आला. दुपारची खेप होती, मी समोर काचेपाशी ठेवलेला. पहिलीतली एक दोन वेण्यांची मुलगी उतरली, दार लागलं, आणि तिची पाण्याची बाटली गडगडत पुढच्या चाकापाशी गेली. ती डावीकडून वाकली. मला तिच्या वेण्या दिसत होत्या. मावशीने त्या बाजूला मान वळवून पाहिलं नाही, कारण तिला वाटत होतं की आपल्याला सगळं दिसतंय. गाडी हलली. मुलीने हात मागे घेतला. बाटली चाकाखाली फुटली.

"दगड असेल," मावशी म्हणाली आणि पुढे निघाली.

ती मुलगी रस्त्याच्या कडेला उभी राहून फुटलेल्या बाटलीकडे बघत होती. बाटली फुटली म्हणून घरी ओरडा बसेल, एवढीच भीती तिच्या चेहऱ्यावर होती. मला तोंड असतं तर मी त्या क्षणी बोंब मारली असती. मी फक्त स्क्रीन विझेपर्यंत जळत राहिलो. तेव्हा मला सगळं कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सासूबाई वैतागल्या होत्या. "तीन सेल झाले गं. एकही धड पुस्तक नाही?"

"चांगलं कुणी काढतच नाही हल्ली, आई."

मावशी ओट्यापाशी भाजी चिरत होती. सासूबाईंनी मला उचललं आणि करमत नाही म्हणून नकोची यादी उघडली. वरचंच पुस्तक होतं 'उरलेली खोली'. नमुन्याच्या तिसऱ्या पानावर एक जिना होता, लाकडी कठड्याचा, मध्ये पिवळा दिवा. आणि अगदी डाव्या कडेला, खालच्या पायरीवर, पाठमोरी बसलेली एक बाई. सासूबाईंनी पाय वर घेतले.

"हे नको का म्हणालीस?"

"कुठलं?" मावशीने येऊन बघितलं. "हे होय? काहीच नाही त्यात. रिकामा जिना."

"रिकामा?"

"मग काय. दिवा बघून झोप येते."

सासूबाईंनी पुढचं पुस्तक उघडलं. आरशाच्या कडेला एक हात होता. "हे?" त्यांनी विचारलं. "नुसता आरसा," मावशी म्हणाली. तिसऱ्यात बाकाच्या टोकाला एक मूल बसलेलं होतं. "रिकामा बाक," मावशी म्हणाली आणि हसली. "तुम्हाला आज काय झालंय, आई?"

सासूबाईंनी मला टेबलावर ठेवलं. "खुर्चीत बस. माझ्या नाकाकडे बघ. नाकावरून नजर हलवायची नाही." त्यांनी ओट्यावरचा आमटीचा डाव हातात घेतला आणि मावशीच्या डाव्या कानाच्या बाजूने हळूहळू पुढे आणायला लागल्या. "डाव दिसला की सांग."

डाव कानाशी आला. गालाच्या बाजूने पुढे आला. जवळजवळ डोळ्यासमोर आला. मावशी शहाण्या मुलीसारखी नाकाकडे बघत होती.

"आणा ना मग," ती म्हणाली. "किती वेळ बसवणार?"

सासूबाईंनी डाव खाली ठेवला. त्यांनी खुंटीवरची व्हॅनची किल्ली काढली आणि कमरेला खोचली.

"उद्या सकाळी अकरा घरं दारात उभी राहतील, आई. किल्ली द्या."

"दुसऱ्या व्हॅनवाल्याला सांगते मी. तू डोळ्यांच्या डॉक्टरकडे चल."

"माझ्या पोटावर पाय देताय तुम्ही."

"देते," सासूबाई म्हणाल्या. "आज देऊ दे."

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. या दुखण्यात डोळा दुखत नाही, लाल होत नाही. कडेचं दिसणं हळूहळू जातं, आणि गेलेल्या जागी मेंदू आपल्या मनाने भिंत रंगवतो, रस्ता रंगवतो. डावा डोळा बराच गेला होता, उजवाही त्याच वाटेवर निघाला होता. गेलेलं परत येत नाही, डॉक्टर म्हणाले, उरलेलं औषधाने राखता येईल. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून आहे हे?"

"महिना झाला असेल," मावशी म्हणाली.

घरी आल्यावर सासूबाईंनी मला दोघींच्या मध्ये ठेवलं आणि नकोची यादी अलीकडच्या पुस्तकापासून मागे मागे उघडत निघाल्या. छापखान्यातली सवय. एकेक पान, एकेक तारीख. "इथे खिडकीत माणूस आहे." एक महिना मागे. "इथे पलंगाखाली." तीन महिने. "इथे." पाच महिने. मधे काही खरोखरच टाकाऊ पुस्तकं होती, तेव्हा मावशीच्या खांद्यांना जरा हलकं वाटायचं. मग पुढचं पान यायचं आणि कडेला कुणीतरी उभं असायचं. मावशी आता मान पूर्ण वळवून बघत होती आणि वळवल्यावर तिला सगळे दिसत होते. आठ महिने. दहा. दोघी त्या पुस्तकाची वाट बघत होत्या, जिथपर्यंत तिला सगळं धड दिसत होतं.

यादी संपली. सगळ्यात पहिलं नको म्हटलेलं पुस्तक वर्षापूर्वीचं होतं. त्यात एक आगबोट होती, आणि डेकच्या डाव्या कडेला एक ओली मुलगी उभी होती. त्याच्या मागे यादीच नव्हती.

"दिवसाला दोन खेपा," मावशी म्हणाली. सासूबाईंनी तिचं डोकं छातीशी धरलं आणि दोघी रडल्या.

मग तिने एकेका घरी स्वतः फोन केला. गाडी बिघडली, असं सांगता आलं असतं. सासूबाईंनी तसं सुचवलंही. मावशी नाही म्हणाली. "मला कडेचं दिसत नाही. मी गाडी चालवायला नको होती," असं तिने अकरा वेळा सांगितलं. दोन वेण्यांच्या मुलीच्या आईला तिने बाटलीचंही सांगितलं. तो दगड नव्हता हे तिला आता उमगलं होतं. सगळ्या घरांतून एकच प्रश्न आला, कधीपासून?

"माहीत नाही," मावशी म्हणाली. अकराही वेळा.

मित्रांनो, आता सासूबाई पुस्तकं निवडतात आणि मावशी बाजूला बसून मान वळवून वळवून बघते. व्हॅन विकली. ती आता छापखान्यात कागद मोजायला जाते. दिवसातून दोनदा ती डोळ्यांत थेंब घालते आणि चुकवत नाही. माझं एवढं ऐका. वर्षातून एकदा डोळे तपासून घ्या आणि घरातल्या मोठ्यांना हाताला धरून घेऊन जा. आणि कुणी म्हणालं, की हल्ली टॅबचे रंगच उडालेत, दिवाच मंद झालाय, लोक कुठूनही उगवतात, तर टॅब दुरुस्तीला नेऊ नका. आधी त्या माणसाच्या हातातून किल्ली काढून घ्या.