सोळातले पंधरा बसून

नवा सर्व्हर परत न्यायला माणूस एक वाजता येणार होता, आणि साडेदहालाच आत्याने भाचीला सगळ्या स्टाफसमोर विचारलं, "तुझं हे सोळा डोक्यांचं ध्यान जुन्या डब्यापेक्षाही हळू कसं काय चालतं गं?"

आत्या स्कॅन सेंटरची डॉक्टर आणि मालकीण. भाची नुकतीच पदवी घेऊन तिथे लागलेली. एका प्रोसेसरमध्ये सोळा कोअर, म्हणजे सोळा स्कॅनची चित्रं एकदम तयार होतील, असं छातीठोक सांगून तिनेच हे मशीन महिनाभर वापरून बघायच्या बोलीवर आणवलं होतं. ते परत गेलं असतं तर इथे तिला कुणी हिंग लावूनसुद्धा विचारलं नसतं.

बाहेर बावीस पेशंट ताटकळले होते. भाचीने स्क्रीन उघडली. सोळा कोअरचे सोळा पट्टे. एक वरपर्यंत भरलेला, बाकीचे सपाट.

"एकटा मरमर राबतोय आणि पंधरा जण बघत बसलेत!"

"म्हणजे आपल्या घरासारखंच की," आत्या म्हणाली.

एकेकटा कोअर जुन्या प्रोसेसरपेक्षा थोडा संथच होता. खरी गंमत सगळे मिळून राबण्यात होती. मग राबत का नव्हते? भाची हात धुऊन प्रोग्रामच्या मागे लागली. तो लिहिला होता मास्तरांनी, म्हणजे सेंटरच्या सगळ्यात जुन्या टेक्निशियननी. प्रत्येक स्कॅनला कॉम्प्युटरमधल्या एका रजिस्टरमधून नंबर मिळायचा. प्रोग्राम नंबर आधी घ्यायचा आणि चित्र पूर्ण होईपर्यंत रजिस्टर सोडायचाच नाही. बाकीचे पंधरा कोअर तोवर आपल्या नंबरासाठी दाराशी उभे.

"मास्तर, रजिस्टर असं कवटाळून का ठेवलंय?"

"एकदा दोन पेशंटना एकच नंबर गेला होता. एकाचा गुडघा दुसऱ्याच्या नावावर. तेव्हापासून कानाला खडा."

"मग नंबर शेवटी घेऊ. चित्र झालं की रजिस्टर उघडायचं, नंबर घ्यायचा, बाजूला व्हायचं. तेव्हाही एका वेळी एकच, पण क्षणभर."

मास्तरांनी चष्मा पुसला. "हे मला वीस वर्षांपूर्वी का नाही सुचलं?"

"तेव्हा मशीनला डोकं एकच. दाराशी थांबायला दुसरं होतंच कोण?"

प्रोग्रामच्या आठ ओळी वरखाली झाल्या. जुन्या स्कॅनवर नंबर दोनदा पडताळून पाहिले. सव्वाबाराला सोळाही पट्टे एकदम उसळले आणि चार मिनिटांत सगळी चित्रं हजर.

भाची तोऱ्यात बाहेर आली, तर वेटिंग रूम तशीच तुडुंब! सगळे रिपोर्ट आत्याच्या टेबलावर साचले होते. प्रत्येक चित्र ती जातीने बघणार, मग सही करणार. दुसऱ्या कुणाची सही चालत नव्हती.

एक वाजता माणूस खोका घेऊन हजर. "डॉक्टर, मशीन न्यायचंय ना?"

भाची टेबलावरच्या त्या गठ्ठ्याकडे बघत होती.

"बघू नकोस तशी," आत्या मान वर न करता म्हणाली.

"मी कुठे काय म्हटलं? एकटं कुणीतरी राबतंय, एवढंच दिसतंय."

आत्याने एक सही केली, दुसरा रिपोर्ट ओढला.

"मशीन राहू दे," ती त्या माणसाला म्हणाली. "खोक्यात सही करणारा एखादा डॉक्टर असला तर तो काढ."