माझी कंबर तासू नका

मी एक लाकडी ठसा, तळहाताएवढा. करुआरू गावच्या बाजारात दोरीवर पद्यकथांची पातळ पुस्तकं लटकतात ना, त्यांच्या मुखपृष्ठावरचं चित्र म्हणजे मी. जिवाला घोर लागलाय, म्हणून बोलतोय.

मला छापखानेवाल्या देओदातोच्या वडिलांनी कोरलं, समोर धिरडी विकणाऱ्या जोवेलीनाला बघून. दंडाचा घेर, हनुवटीखालची वळी, काही म्हणता काही चोरलं नाही त्यांनी. मी झकास दिसायचो. पण एकच ठसा दहा कथांना वापरायचा, ही इथली रीत. माझ्या वाट्याला आल्या त्या सगळ्या हसं होणाऱ्या बायका. पलंग मोडणारी नवरी, लग्नाचं जेवण एकटीनं फस्त करणारी सासू. नायिकेचा ठसा वेगळा, काडीसारखा. बाजारात कथा गाऊन विकतात. लोक मला बघून गाण्याआधीच हसत. जोवेलीना पलीकडे धिरडी भाजत ऐकायची. मला फार लाज वाटायची.

पुढं जोवेलीना वारली. तिची मुलगी झुल्मिरा, आईसारखीच अंगानं भरलेली, कथा रचू लागली. परवा तिनं प्रेमकथा आणली. नायिका जाडी, शेवटपर्यंत जाडीच. मुखपृष्ठावर तिला मीच हवा होतो.

देओदातो माणूस वाईट नाही, पण धंदा बघतो. म्हणाला, "अगं, प्रेमकथेवर ही बाई? कोण घेईल? कंबर जराशी तासतो. कुणाला कळायचंही नाही."

"मला कळेल ना, दादा. आई आहे ती माझी."

लाकूड एकदा तासलं की भरून येत नाही. शेवटी ठरलं, थोड्या प्रती आहे तशा छापायच्या. शनिवारी खपल्या नाहीत, तर मला तासायचं.

शनिवारी झुल्मिरा गायला उभी राहिली. लोक तिला हसले, मला हसले. पलंग कधी मोडणार, असं एकानं विचारलंही. ती गातच राहिली. हळूहळू हशा विरला. रीतीप्रमाणे शेवट न सांगताच ती थांबली; पुढचं हवं त्यानं पुस्तक घ्यावं. कुणी हलेना.

मग मागून एक लठ्ठ बाई पिशव्या सावरत पुढं आली. हळूच म्हणाली, "शेवटी ती बारीक होते का गं?"

"नाही."

"मग दे."

त्यानंतर आणखी दोघींनी घेतलं, बस्स. देओदातो म्हणतो, पुढच्या शनिवारी बघू. तासायचा चाकू मात्र त्यानं अजून आत ठेवून दिलेला नाही. बाजारात आलात तर खुशाल हसा, बाबांनो, पण गोष्ट शेवटपर्यंत वाचा. मला जोवेलीनाएवढंच राहायचंय.