खिळा कुठं ठोकायचा

दारव्ह्याच्या मुलींच्या बोर्डिंगचं उद्घाटन सोमवारवर आलं होतं, आणि गुरुवारी सकाळी पंचफुलानं घमेलं खाली ठेवून साफ सांगितलं, की या भिंतीवर चढवायला आपण सिमेंटचा माल देणार नाही. ठेकेदार पंजाबराव आधी हसलाच. वीस वर्षं बांधकामं केली त्यानं, पण माल वाहणारी रेजा, एक मजूर बाई, ठेकेदाराला नाही म्हणते, हे त्यानं बापजन्मात ऐकलं नव्हतं.

भांडण तारांचं होतं. विजेच्या तारा भिंतीत खाच पाडून दाबायच्या आणि वरून प्लास्टर करायचं, असा बेत होता. ऑफिसच्या खोलीत त्या लोखंडी पाईपातून नेल्या होत्या. मग पाईप संपला, नवा काही वेळेवर येईना, तेव्हा पंजाबराव म्हणाला, दाबा तशाच. पोरींच्या दोन खोल्या तशाच लिंपून झाल्या, तिसरी बाकी होती. त्यातही तार कमी लागावी म्हणून बटनापासून दिव्यापर्यंत तिरपी ओढलेली! आता वरून गुळगुळीत झालेल्या भिंतीत ती कुठून गेली, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

खिळा तारेला लागला तर काय होतं, हे पंचफुलाला मात्र ठाऊक होतं. दोन वर्षांमागं यवतमाळला एका इमारतीवर ती कामाला होती, तिथल्या म्हाताऱ्या वायरमननं तिला समजावलं होतं. पाईप असला की खिळा तारेपर्यंत पोचत नाही, आणि पाईप बटनाच्या वर सरळ नेला, की कुठं खिळा ठोकू नये ते अडाण्यालाही कळतं. बाईनं ते गाठीला बांधून ठेवलं होतं.

पंजाबरावचं म्हणणं, भिंतीला कोण कशाला हात लावतंय? अरे बाबा, तुझ्या घरी कपाटं आहेत म्हणून तू असं म्हणतोस! पंचफुलाच्या वस्तीत भिंत हेच कपाट. धुतलेलं लुगडं खिळ्याला, कंदील खिळ्याला, दप्तर खिळ्याला, बाबासाहेबांचा फोटोही खिळ्यालाच. या बोर्डिंगात येणाऱ्या पोरी तांड्यांवरच्या नि अशाच वस्त्यांवरच्या. पहिल्या दिवशी पिशवी टांगायला त्या दगडानं खिळा ठोकणार, आणि त्यात पंचफुलाची लेक इंदू असणार. घराण्यात चौथी पास झालेली ती पहिलीच.

पंजाबरावनं मग आवाज खाली आणला. इंदूचं नाव बोर्डिंगच्या यादीत आहे खरं, पण यादीवर अजून सही व्हायची आहे, तेव्हा तोंड सांभाळलेलं बरं, असं तो गोडीगोडीनं बोलला. दुपारी पंचफुला भाकर बाजूला ठेवून बसली. बोलावं तर पोरीची शाळा जाते, गप्प बसावं तर पोरगीच जाते. शाळा एक वेळ दुसरी बघता येईल, असं तिनं मनाशी ठरवलं आणि पाणी पिऊन उठली.

दिवस कलताना किसनसिंग नाईक आले. बोर्डिंग त्यांनीच उभं केलेलं, सहीही त्यांचीच. दिवे लावून पाहिले, लखलखाट झाला. भिंती अगदी बंगल्यासारख्या झाल्या म्हणून त्यांनी पंजाबरावच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात पंचफुला हातोडी आणि खिळा घेऊन मधे उभी राहिली, आणि ते दोन्ही तिनं पंजाबरावच्या हातात दिले.

"ठेकेदार, पोरीची पिशवी टांगाची हाय. एक खिळा ठोकून द्या. तुमच्या मनानं, कुठंबी."

पंजाबरावनं भिंतीकडं पाहिलं. घसा खाकरून म्हणाला, आधी लाइन बंद करायला सांगतो.

"पोरी लाइन बंद करून ठोकतीन का?"

किसनसिंगांनी काय प्रकार आहे ते विचारलं, आणि तिनं सगळं सांगितलं. पाईप, तिरपी तार, सहीची धमकीसुद्धा. शेवटी म्हणाली, "नाईक, माह्यं नाव कामावरून काढा. पोरीचं काढू नका."

हातोडी अजून पंजाबरावच्या हातात तशीच होती, ठोकायची हिंमत काही त्याला झाली नाही. मग नाईक म्हणाले, भिंती फोडा, पाईप आल्याबिगर उद्घाटन नाही. पंजाबराव पुटपुटला, की महिना जाईल, शाळा तर सोमवारीच सुरू होते, तोवर पोरी राहतील कुठं?

"माझ्या घरी," किसनसिंग म्हणाले. "इंदूबी."

पंचफुलाचे डोळे भरून आले. नाईकांच्या ओसरीपलीकडं तिच्या वस्तीतलं माणूस आजवर गेलं नव्हतं. तिनं हात जोडले. पण लगेच पदरानं डोळे पुसून तिनं विचारलं,

"नाईक, तुमच्या घरची वीज कोनं बसवली?"

किसनसिंगांनी पंजाबरावकडं पाहिलं. पंजाबराव जमिनीकडं पाहत होता. नाईकांनी कोपऱ्यातली पहार उचलली आणि ते झपाझप घराकडं निघाले.