तिला सांगा

मास्तरांच्या घरात बोलण्याची एक रीत होती. मास्तर म्हणजे शिंपी. गिऱ्हाइकांनी मास्तर म्हणायला सुरुवात केली आणि पुढे घरच्यांनीही तेच उचललं. तर रीत अशी, की मास्तर लेकीशी थेट बोलत नसत आणि लेक मास्तरांशी. मधे आई. "तिला सांग, उशीर करू नको म्हणावं," असं मास्तर मशीनवरून मान वर न करता म्हणायचे आणि लेक तिथेच हाताच्या अंतरावर काजं करत बसलेली असायची. "त्यांना सांग, मला कळतं," ती म्हणायची. आई नुसती मान हलवायची, कारण दोघांचंही दोघांनी ऐकलेलं असायचं. भांडण वगैरे काही नव्हतं. काही घरांत जेवायला बसायच्या जागा ठरलेल्या असतात, तसं यांचं बोलणं ठरलेलं होतं, इतकंच. मग आई गेली आणि दोघांची बोलती बंद झाली.

अशात लेकीने लग्न ठरवलं, आणि ठरवलं ते बिअर बनवणाऱ्या माणसाशी. मास्तरांच्या सख्ख्या धाकट्या भावाला बाटलीने खाल्लं होतं. त्यांनी जन्मात थेंब तोंडाला लावला नव्हता. "असल्या धंद्यातला जावई मला नको," हे त्यांनी भिंतीला सांगितलं, कारण सांगायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. लेकीने ते ऐकलं, बॅग भरली आणि निघून गेली. वर्षभर ना फोन ना काही. आणि गेल्या आठवड्यात अचानक तिचा फोन आला.

"रविवारी चार वाजता जुन्या चौकातल्या घड्याळाखाली या. मी त्याला घेऊन येते. एकदा भेटा आणि मग हवं ते म्हणा. पण आला नाहीत तर मी पुन्हा बोलावणार नाही."

मास्तर "हं" म्हणाले. त्या "हं"नंतर रविवारपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. दोन गिऱ्हाइकांच्या पँटी त्यांनी आखूड करून ठेवल्या.

रविवारी ते बुटांना पॉलिश करून चारच्या बरेच आधी घड्याळाखाली उभे राहिले आणि त्यांनी फोन बंद करून टाकला. कुणाच्या घरी मापं घ्यायला जाताना ते फोन बंदच करायचे. समोरच्याचा मान राहतो. मोठ्या कामाच्या दिवशी चांगल्या सवयीच घात करतात, हे त्यांना अजून कळायचं होतं.

एवढ्यात किरमिजी कोट घातलेला, गोल चेहऱ्याचा एक माणूस लगबगीने आला.

"माझीच वाट बघताय ना, साहेब?"

"हो," मास्तर म्हणाले. त्यांनी माणसाच्या आधी कोट पाहिला. मधलं बटण एका धाग्यावर लोंबत होतं.

"एकटेच ना?"

"एकटाच. बायको गेली माझी."

"अरेरे." तो क्षणभर गोंधळला. "असो. आज फक्त आपण दोघंच. खास तुमच्यासाठी. मोकळेपणाने बोलता येईल. चला, वेळेआधीच निघू या!"

आता खरं सांगून टाकायला हवं. हा माणूस गाईड होता. एकेका गिऱ्हाइकाला घेऊन जुन्या शहरात छोटी चक्कर मारायची, तटबंदी दाखवायची, तीन ठिकाणी बिअर चाखवायची, हा त्याचा उद्योग. त्या दिवशीचं गिऱ्हाईक म्हणजे एकटेच येणारे एक वयस्कर गृहस्थ होते. जागा घड्याळाखाली, वेळ चारची. ते गृहस्थ रस्ता चुकले होते. मास्तर चुकले नव्हते, म्हणून सगळा घोळ झाला.

आणि मास्तरांना काय वाटलं? लेक दिसत नाही आणि हा एकटाच आला, याचा त्यांच्या मते एकच अर्थ होता. लेक स्वतः बोलणार नाही. तिने मधे माणूस घातलाय, आणि तो माणूस म्हणजे जावईच. आई असती तर असंच झालं असतं. त्यांना एकदम हायसं वाटलं आणि ते निमूट त्याच्या मागे चालू लागले.

गाईड वाटेत अखंड बोलत होता. हा बुरूज कुणी बांधला, तो कुणी पाडला, या गल्लीत इतकी अरुंद घरं का. मास्तर मनात म्हणाले, जावई बोलका आहे. पण लेकीबद्दल अवाक्षर नाही! आधी त्यांना वाटलं, लाजतोय. मग वाटलं, मुरलेला दिसतो.

पहिलं ठिकाण म्हणजे दगडी पायऱ्या उतरून गेल्यावर लागणारी थंडगार खोली होती. पिंपांच्या मागे उभ्या असलेल्या पोराने दोन छोटे पेले भरून ठेवले. फिकट पिवळी बिअर, वर फेस. मास्तरांना धाकटा भाऊ आठवला. ही परीक्षाच असणार, त्यांना वाटलं. नाही म्हटलं तर हा तिला जाऊन सांगणार, आणि मग संपलंच. त्यांनी डोळे मिटून काढा घेतात तसा एक घोट घेतला.

"कशी वाटली?" गाईडने विचारलं.

"कडू."

"शाब्बास! लोक उगाच फुलांचा वास, मधाचा वास असलं काहीतरी सांगतात."

मास्तर थोडे सुखावले. "ही तुम्ही बनवलीत?"

"मी? छे हो! मला चहासुद्धा धड जमत नाही. मी नुसता बोलतो."

मास्तर चक्रावले. लेकीने तर बिअर बनवणारा निवडला होता. आता सरळ विचारावं की नाही? सरळ विचारायची त्यांना सवय नव्हती. ते पिंपामागच्या पोराकडे वळले.

"यांना विचार, मग बनवतं कोण?"

पोराने गाईडकडे पाहिलं. गाईड तर पुढ्यातच उभा होता. "ते विचारतायत, बनवतं कोण," पोरगा म्हणाला.

"त्यांना सांग, प्रत्येक ठिकाणची वेगळी माणसं बनवतात," गाईडही नकळत म्हणून गेला आणि मग आपण असं का बोललो म्हणून स्वतःच्याच डोक्यावर टपली मारून घेतली.

बाहेर पडल्यावर मास्तरांनी चौकशी पुढे रेटली. बापाचं कर्तव्य होतं ते.

"तुमचा धंदा कसा चालतो?"

"उन्हाळ्यात दम घ्यायला फुरसत नसते. कधी जोडपी असतात, कधी बायकांचे घोळके. काल सात जणी होत्या. काय हसवलं म्हणता त्यांना!"

मास्तर जागच्या जागी थांबले. "घरी चालतं हे?"

"सवय झालीय घरच्यांना."

मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. घरचे म्हणजे कोण? लेकीला हे माहीत आहे? आणि माहीत असून चालतं? पण माणूस बोलत होता इतक्या निर्मळपणे की राग धरावा कुठे तेच कळेना. रस्त्यातल्या म्हातारीची पिशवी त्याने न सांगता उचलून दिली, कुत्र्याला वळसा घालून गेला, आणि मास्तरांची चाल मंदावली तसा स्वतःही हळू झाला. वाईट माणूस असा चालत नाही, असं मास्तरांनी ठरवलं. माणसं चालतात कशी यावर त्यांनी आयुष्यभर पँटी बेतल्या होत्या.

दुसऱ्या ठिकाणी लालसर बिअर होती, आंबट. मास्तरांना ती मुळीच आवडली नाही, पण त्यांनी अर्धी संपवली. डोकं थोडं हलकं झालं होतं. समोर ते बटण लोंबत होतं. आता यापुढे बघवेना.

"कोट काढा," ते म्हणाले.

"काय?"

"काढा म्हणतो ना."

मास्तरांच्या कॉलरच्या आतल्या बाजूला कायम एक ओवलेली सुई असायची. गाईड शर्टावर बसून राहिला आणि मास्तरांनी तिथेच, बिअरच्या पेल्याशेजारी, त्याचं बटण लावलं. बटणाखाली दोऱ्याचे वेढे देऊन देठ केला, गाठ आत दडवली, दाताने दोरा तोडला. एवढ्या वर्षांत गाईडला गिऱ्हाइकांनी फोटो काढायला लावले होते, शिव्या दिल्या होत्या, एकाने मिठीही मारली होती. बटण कुणी लावलं नव्हतं.

"माझ्या आईनंतर तुम्हीच," तो म्हणाला.

झालं! आई नसलेलं पोर. वर्षभर आपण या पोराला भिंतीशी बोलून नाकारलं, याची त्यांना लाज वाटली, चांगलीच वाटली.

तिसरं ठिकाण म्हणजे बिअरचा छोटा कारखानाच होता. मोठी तांब्याची भांडी, ओल्या जवाचा उबदार वास, आणि काउंटरवर एक जाडजूड बाई. तिने काळीभोर बिअर भरून पुढे ठेवली. मास्तरांनी पेला उचलला, पण प्यायले नाहीत. आधी बोलून टाकायचं होतं.

"जावईबापू," ते म्हणाले, "माझी काही हरकत नाही. तिला सांगा, बाबांना तुम्ही पसंत आहात."

गाईडने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"कोण जावईबापू?"

"तुम्ही."

"साहेब, माझं लग्न झालंय! दोन पोरं आहेत मला!"

त्याच वेळी गाईडचा फोन वाजला. पलीकडचा आवाज इतका चढलेला होता की सगळ्यांनाच ऐकू आला. कुणीतरी गृहस्थ भलत्याच चौकात कधीचे ताटकळत उभे होते आणि गाईड कुठे मेला म्हणून विचारत होते. गाईडने फोन कानापासून लांब धरला आणि मास्तरांकडे पाहिलं.

"मग तुम्ही कोण?"

"मी तिचा बाबा."

"कुणाचा?"

तेवढ्यात काउंटरवरची बाई मधे पडली. तिला या दोघांच्या भानगडीशी काही देणंघेणं नव्हतं. तिचं आपलं वेगळंच चाललं होतं.

"या बिअरबद्दल बनवणाराच सांगतो रोज, पण आज तो नाही हं. होणाऱ्या सासऱ्यांना भेटायला गेलाय बिचारा, घड्याळाखाली. सकाळपासून तीनदा शर्टाला इस्त्री केली त्याने. मघाशी फोन आला होता, सासरे काही आलेच नाहीत म्हणे. पोरगी रडतेय."

मास्तरांनी खिशातला फोन चाचपला. आपण तिथे होतो. सगळ्यांच्या आधी होतो. आणि ती तिथे बसून रडतेय, आणि फोन आपल्या खिशात बंद.

त्यांनी हातातल्या पेल्याकडे पाहिलं. "ही त्याने बनवलीय?"

"त्याच्याच हातची."

मास्तरांनी पेला तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला. मग तोंड पुसून ते धावत सुटले. गाईड त्यांच्या मागे धावला, कारण म्हाताऱ्याला वाट माहीत नव्हती.

घड्याळाखालच्या बाकावर लेक बसली होती. शेजारी कडक इस्त्रीच्या शर्टातला एक उंच तरुण.

"अरे, तू?" गाईड म्हणाला.

"अरे, तू?" तरुण म्हणाला. रोजची ओळख होती त्यांची.

लेक उठली नाही. तिचे डोळे सुजले होते. ती तरुणाला म्हणाली, "त्यांना विचार, आता कशाला आलेत?"

मास्तर धापा टाकत गाईडकडे वळले. "तिला सांगा, मी चारच्या आधीच आलो होतो."

"त्यांना म्हणावं, मी इथेच बसलेय चारपासून."

"तिला सांगा, मला वाटलं तुम्हीच ते."

"कोण ते?" लेकीने तरुणाला विचारलं. तरुणाने गाईडकडे पाहिलं आणि गाईडने स्वतःच्या नव्या लावलेल्या बटणाकडे. मग त्याने तरुणाच्या दंडाला धरलं.

"चल, तुला घड्याळाची मागची बाजू दाखवतो."

"मी पाहिलीय."

"पुन्हा बघ."

ते दोघे गेले. मास्तरांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सांगायला कुणीच नव्हतं. लेकही इकडेतिकडे बघत होती. मग तिच्या नाकाला वास आला. तिने मान वर केली आणि थेट त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"तुम्ही प्यायलात?"

"हो," मास्तर म्हणाले. "पहिली कडू होती. दुसरी आंबट. ती अर्धी ठेवली." ते थांबले. एवढं सलग ते तिच्याशी कधी बोलले नव्हते. "तिसरी त्याच्या हातची होती. ती सगळी प्यायलो मी."

लेकीने ओढणीने नाक पुसलं आणि बाकावरची पर्स उचलून मांडीवर घेतली. मास्तर बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकले. दोघांच्या मधे एक माणूस बसेल एवढी जागा राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "इकडे या ना."

मास्तर त्या जागेत सरकून बसले.