कापलेल्या बॉनेटची जीप

धरमसिंगची सवारी वाहणारी जीप पांढरा धूर सोडत गॅरेजसमोर आली, तेव्हा युनूस मिस्त्री चहा पीत होता. त्याने बशी खाली ठेवली. बघायचीसुद्धा गरज नव्हती. इंजिनाच्या डोक्याखालचं, पाणी-तेल वेगळं ठेवणारं हेड गॅस्केट पुन्हा उडालं होतं, आणि ते होळीनंतर त्यानेच आपल्या हाताने बसवलेलं होतं.

डिपस्टिक काढून पाहिली तर ऑइल पार दुधाच्या चहासारखं झालेलं. पाणी शिरलं होतं आत.

"बाया-लेकरं भर उन्हात उतरून देल्ली मी," धरमसिंग म्हणाला. "आता काय म्हणू तुमाले?"

"म्हण ना. तोंड कोणं बांधलं तुह्यं?"

"बाजारात लोक म्हणून राह्यले, युनूसचा हात गेला. मी नाई म्हणत, मिस्त्री. पन आता अजून उडालं, तं जीप अकोल्याले नेतो."

झालं. अख्ख्या मंगरूळपीरात ही जीप म्हणजे युनूसची ओळख होती, आणि तीच त्याच्या अब्रूवर उठली होती. भंगारातला सांगाडा आणून त्यात मोठ्या गाडीचं डिझेल इंजिन त्यानेच बसवलं होतं. इंजिन मावेना, म्हणून पठ्ठ्याने सरळ बॉनेटच कापलं. तेव्हापासून इंजिनाचं डोकं उघडंच वर दिसायचं, आणि कामरगावच्या रस्त्याला पोरं त्याकडे बोट दाखवून हसायची. हसोत बापडी, जीप चढावर सगळ्यांना मागे टाकायची.

घरी हुस्नाबानोने त्याचं तोंड पाहूनच ओळखलं. ताट वाढता वाढता ती म्हणाली, "पुण्याले जाऊ आता. इमाद कवाचा बोलावून राह्यला." इमाद म्हणजे त्यांचा मुलगा, तिकडे मोठ्या वर्कशॉपात होता. एरवी युनूस या विषयावर फणकारायचा. आज तो भाकरी कुस्करत राहिला. खरं सांगायचं तर तो घाबरला होता. ज्या हातांना आयुष्यभर काही विचारावं लागलं नाही, त्यांच्याकडे तो आता संशयाने बघत होता.

त्याने हेड उतरवलं, तेव्हा त्यावर बाहेरून वाळलेल्या पाण्याचे पांढुरके ओघळ दिसले. रेडिएटर गळत असेल म्हणून त्याने रेडिएटर तपासला. तो ठणठणीत. मग हे ओघळ कुठले? उत्तर सापडेना, तेव्हा त्याने ते ब्रशने घासून टाकले. वाकलेलं हेड लेथवर सपाट करून आणलं. नवं गॅस्केट बसवलं आणि बोल्ट मधून सुरू करून बाहेर बाहेर आवळत नेले, थोडे थोडे, पुन्हा पुन्हा. टॅपेट लावले. इंजिन चालू करून स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि पंपाचा स्क्रू केसभर फिरवत राहिला. शेवटी आवाज असा गोल निघाला, की समोरचा रसवंतीवालासुद्धा चरक थांबवून ऐकू लागला.

"घेऊन जा," युनूस म्हणाला. "मी बी येतो संगं, तुह्या तांड्यापावतर."

"काहून? माह्यावर भरोसा नाई का?"

"तुह्यावर हाय. माह्यावर नाई."

रस्ताभर तो कान देऊन बसला होता. जीप माणसांनी खच्चून भरलेली, वर ऊन आग ओकत होतं, तरी इंजिनाने हूं की चूं केलं नाही. तांड्यावर पोचल्यावर धरमसिंग हापशीवर तोंड धुवायला गेला. घरातून त्याची बायको कमलीबाई माठातल्या पाण्याने भरलेला तांब्या घेऊन लगबगीने आली. युनूसने ओंजळ पुढे केली. ती त्याच्या बाजूने निघून गेली आणि तिने तांब्या कापलेल्या बॉनेटवर धरला.

युनूसला ते पांढुरके ओघळ आठवले. त्याने झेप घेऊन तांब्या पकडला. सगळं पाणी त्याच्याच सदऱ्यावर सांडलं.

"हे काय करता, भाभी?"

"पानी देऊन राह्यली तिले," कमलीबाई गोंधळून म्हणाली. "तापून येते बिच्चारी. दारात आलेल्याले आधी पानी द्या लागते ना? मी तं रोजच देतो. तुमाले आणतच होतो मंग."

युनूसला असा संताप आला, की दात करकरले. इतके दिवस तो झुरत होता, आणि कारण काय, तर हा तांब्या! पण तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि राग धरवेना. शिवाय बॉनेट कुणी कापलं होतं?

"भाभी, उन्हातून आलेल्या बैलाले लगेच पानी पाजता का?"

"नाई बाप्पा. आधी दम खाऊ देतो. घाम सुकला का मंग."

"मंग हा बी बैलच समजा. तापल्या लोखंडावर थंड पानी पडलं का ते वाकते, अन् गॅस्केट उडते."

कमलीबाईने रिकामा तांब्या पदराआड घेतला. तिने हापशीवर तोंड धुणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं. "यायले सांगसान का?"

सांगितलं असतं तर युनूसची अब्रू त्याच क्षणी परत आली असती. पण धरमसिंगचं डोकं इंजिनापेक्षा लवकर तापतं, हे साऱ्या तांड्याला ठाऊक होतं. युनूसने ओला सदरा पिळला. "नाई सांगत," तो म्हणाला. परत येताना मात्र त्याला फार वाईट वाटत राहिलं. त्याने कापलेल्या बॉनेटवर बसेल असं पत्र्याचं झाकण बनवून पाठवलं आणि पुण्याच्या गाडीची चौकशी केली.

बाजाराच्या दिवशी जीप धूर न सोडता आली. कमलीबाई उतरली. बाजाराकडे न वळता ती तडक रसवंतीपुढे, बाकावर बसलेल्या माणसांसमोर जाऊन उभी राहिली.

"मिस्त्रीचा हात शाबूत हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "दोनी खेपा गॅस्केट मीनं उडोलं. तापल्या इंजिनावर पानी ओतून."

बाकावरच्यांनी हातातले ग्लास खाली ठेवले. स्टिअरिंगवर बसलेल्या धरमसिंगने मान खाली घातली. युनूस गॅरेजच्या दारातून हे ऐकत होता. तो आत गेला, माठातून ग्लास भरला आणि तिच्यापुढे धरला.

कमलीबाईने पदराने कपाळ पुसलं. "ठेवा बाजूले, मिस्त्री. उन्हातून आली मी. आधी दम तं खाऊ द्या."

युनूसने ग्लास बाकावर ठेवला आणि तिच्यासाठी सावलीत स्टूल ओढलं.