पूर्ण ताण

दर रविवारी धनुष्यवाल्यांच्या ग्रुपवर फोटो पडायचे. धनुष्य साधं, लाकडा-बांबूचं हवं, त्याला चाकं आणि दुर्बिणी लावलेल्या चालत नसत. आणि फोटोत दोरी पूर्ण ताणलेली हवी. नुसतं धनुष्य धरून हसणाऱ्याला तिथे कोणी हिंग लावून विचारत नसे. मग सोमवारी सकाळी मामा चहा घेऊन बसायचे आणि एकेका फोटोची चिरफाड करायचे. मान आखडली आहे. खांदा वर गेलाय. दोरी नाकाला टेकवतोस, शिंक आली तर काय करशील? लोक त्या टोमण्यांची आठवडाभर वाट बघत, कारण मामांची नजर म्हणजे नजर.

मामा खरं तर एकट्या भाच्याचे. पण ग्रुप भाच्याने काढला, त्यात पहिल्यांदा त्यांना घेतलं, आणि तो म्हणतो म्हणून सगळेच त्यांना मामा म्हणायला लागले. तीस वर्षं त्यांनी इस्पितळात एक्स-रे काढले होते. हाडातली चीर त्यांना डॉक्टरांच्या आधी दिसायची, पण सांगायचा अधिकार नव्हता. पेशंटने विचारलं की म्हणायचं, "डॉक्टर सांगतील." बघून गप्प बसायची सवय तिथेच लागली, अशी समजूत त्यांनी पुढे स्वतःची काढली. ती साफ खोटी होती.

धनुष्य बनवायला भाच्याला त्यांनीच शिकवलं. बांबूची पट्टी तासायची, सरस लावून लाकडावर बसवायची, दोऱ्यांनी आवळून आठवडाभर तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. भाचा शिकला, आणि नको तेवढा चांगला शिकला. दोन वर्षांत लोक त्याच्या दारात रांग लावायला लागले आणि मामांची चार धनुष्यं मागच्या खोलीत खुंटीवर धूळ खात राहिली. भाचा आला की त्यातलं एखादं उतरवून फडक्याने पुसायचा. मामांच्या पोटात सगळ्यात जास्त दुखायचं ते तेव्हा.

ग्रुपमध्ये एक बेकरीवाली मुलगी होती; तिने धनुष्य घेतलं तेही भाच्याचंच. कणकेच्या परातींनी तिचे दंड असे घडवले होते की वर्षभरात ती जुन्याजाणत्यांच्या पुढे गेली. तिचा फोटो पडला की खाली बदामांचा खच. फोटो तिची आई काढायची, त्यामुळे एका कोपऱ्यात आईचा अंगठा हमखास असायचा. पण मुलगी अशी उभी राहायची की मामांनाही बोलायला जागा सापडत नसे.

एका सोमवारी सापडली. त्यांनी सवयीने फोटो मोठा केला आणि चहाचा कप खाली ठेवला. धनुष्याच्या वरच्या पात्यात, मुठीपासून वीतभर वर, बांबू आणि लाकूड यांच्यामध्ये एक काळी रेघ होती. सरस सुटला होता. दोरी उतरवली की अशी रेघ मिटते, बोट फिरवूनही कळत नाही. पूर्ण ताणलं की उघडते, आणि त्या वेळी ताणणाऱ्याचं सगळं लक्ष निशाण्यावर असतं. म्हणजे ती दिसली तर फोटोतच दिसणार. भाचा त्या फोटोखाली बदाम टाकून पुढे गेला होता.

मामांना आनंद झाला. त्याला दुसरा शब्द नाही. भाच्याचं धनुष्य आता मोडणार, आणि महिनाअखेरच्या मेळाव्यात चारचौघांत मोडलं तर सोन्याहून पिवळं. मोडेल तेव्हा ते पोरीच्या तोंडापासून हातभर अंतरावर असेल, हा विचार आला नाही असं नाही. आला, आणि त्यांनी तो बाजूला सारला. ग्रुपवर लिहिलं, "वा. नाव ठेवायला जागा नाही."

बुधवारी तिचा एकट्या मामांना मेसेज आला. "मामा, दोरी ओढताना टक् असा आवाज येतो. धनुष्याचं काही असेल का? दादाने बनवलंय, त्यालाच विचारणार होते, पण त्याला वाटायचं मी तक्रार करतेय. म्हटलं आधी तुम्हाला विचारावं."

मामा इथे मूग गिळून बसले असते तरी निम्मंच पाप लागलं असतं. ते बसले नाहीत. त्यांनी लिहिलं, "धनुष्य ठणठणीत आहे. तू हात राखून ओढतेस, म्हणून आवाज येतो. आणखी दोन बोटं ओढ आणि पाच आकडे मोजेपर्यंत धर."

"थँक्यू मामा," तिने लिहिलं.

शनिवारी बेकरीच्या मागच्या मोकळ्या जागेत तिने तसंच ओढलं. आई बाजूला फोन धरून उभी होती आणि मोठ्याने आकडे मोजत होती. चौथ्या आकड्याला वरचं पातं तुटून पोरीच्या तोंडावर बसलं. गालाचं हाड फुटलं, डावा डोळा गेला.

भाच्याने ग्रुपवर माफी मागितली आणि हातातल्या सगळ्या ऑर्डरी रद्द केल्या. मामा हेच तर बघायला बसले होते. पण लोक भलतंच लिहायला लागले. तुझा काय दोष, फोटो तर आम्ही सगळ्यांनीच पाहिला होता. मामांनासुद्धा दिसलं नाही, म्हणजे दिसण्यासारखं नव्हतंच. त्याखाली कोणीतरी जोडलं, "मामांचंही आता वय झालं." हे मात्र जिव्हारी लागलं. पोरीचा डोळा गेला त्या दिवशी मामा दोन्ही वेळा पोटभर जेवले होते. या एका ओळीनंतर त्यांना घास गिळवेना.

दहा दिवसांनी बेकरीवालीने इस्पितळातून आपला एक्स-रे ग्रुपवर टाकला. "दोन ठिकाणी फुटलंय म्हणतात. पण तिसरीकडेच जास्त दुखतं. मामा, तुम्ही बघाल का?"

मामांनी दोन मिनिटांत उत्तर टाकलं. चिरा दोन नाहीत, तीन आहेत. तिसरी डोळ्याच्या खोबणीखाली, केसाएवढी. पुन्हा एक्स-रे काढायला सांग. पुन्हा काढला. तीनच निघाल्या. ग्रुपने मामांना डोक्यावर घेतलं, आणि रात्री मामांनी भातासाठी दुसऱ्यांदा ताट पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी भाचा घरी आला. मामी पाणी घेऊन आल्या, पण त्याने पेला घेतला नाही. त्याने मामांसमोर फोन ठेवला. त्यावर तिचा तो रविवारचा फोटो होता, मोठा केलेला.

"मामा, हाडातली केसाएवढी चीर तुम्हाला दिसली," तो म्हणाला. "ही दिसली नाही?"

नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. तेवढं ऐकायलाच तो बिचारा आला होता; ऐकून पाणी प्यायला असता आणि घरी गेला असता. पण नाही म्हणणं म्हणजे वय झालं हे आपल्या तोंडाने कबूल करणं. मामांची मान ताठ झाली.

"न दिसायला काय झालंय? बघताक्षणी दिसली. तुझ्या हातची वस्तू, तुलाच दिसली नाही, त्याला मी काय करू?"

मामी पेला घेऊन तशाच उभ्या राहिल्या. भाच्याने फोन उचलून खिशात ठेवला.

"सकाळी तिच्याकडे गेलो होतो," तो म्हणाला. "म्हणाली, दादा, तू मनाला लावून घेऊ नकोस. मामांनी पाच मोजायला सांगितलं होतं, मीच चौथ्याला ढिली पडले असेन."